फलाटावरचा नाताळ

नाताळ जवळ आला, की आमच्या धर्मग्रामांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. सणाचा बाजार झाला. गव्हाणीतल्या बाळाची जागा लाल टोपीवाल्या म्हाताऱ्याने बळकावली. जाहिरातदारांनी ख्रिस्ताला त्याच्याच जन्मदिवसातून हद्दपार केले. तक्रार खोटी नाही. आम्ही स्वतः ती या ना त्या निमित्ताने अनेकदा केली आहे, आणि खरे सांगायचे तर तिचा आम्हांस आता थोडा वीटही आला आहे. जाहिरातदाराने काही पळवले असे आपण म्हणतो, तेव्हा ते आधी आपल्यापाशी पुरेपूर होते असे आपण धरून चालतो. हे गृहीत तपासायचे असेल, तर जिथे पळवण्याजोगे काही नव्हतेच अशा देशाकडे पाहावे.

जपान हा असा देश आहे. तिथे ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आसपास. पंचवीस डिसेंबरला कचेऱ्या आणि कारखाने नेहमीसारखे चालू असतात. या देशात १९८८ ते १९९२ या पाच वर्षांत एका रेल्वे कंपनीने दूरचित्रवाणीवर ओळीने नाताळच्या जाहिराती दाखवल्या, आणि त्यांच्या आठवणीने तिथली एक पिढी आजही हळवी होते. या जाहिरातींचे रसग्रहण करावे, आणि जिथे दोष दिसेल तिथे तो सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू. जाहिरात हा समीक्षेचा विषय नव्हे, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. परंतु एका मिनिटात जी कृती पिढीच्या मनात घर करते, ती वाचून पाहण्यात कमीपणा कसला?

जपानची राष्ट्रीय रेल्वे १ एप्रिल १९८७ रोजी विभागून निरनिराळ्या कंपन्यांच्या हाती सोपवण्यात आली. टोकियो ते शिन-ओसाका हा १९६४ साली सुरू झालेला पहिला शिनकानसेन मार्ग, म्हणजे आपण जिला ‘बुलेट ट्रेन’ म्हणतो त्या गाडीचा मार्ग, जेआर टोकाई या कंपनीच्या वाट्याला आला. या गाडीचा वेग आणि वक्तशीरपणा साऱ्या देशाला ठाऊक होता. त्याची जाहिरात करण्याची गरज नव्हती. कंपनीने वेगळाच विषय घेतला: दोन माणसांमधला दुरावा. १९८७ साली ‘सिंड्रेला एक्सप्रेस’ ही जाहिरात आली. रविवारी रात्री टोकियोहून ओसाकाकडे सुटणारी शेवटची गाडी, आणि सुटीचे दोन दिवस एकत्र घालवून फलाटावर निरोप घेणारी जोडपी. विरहाची जाहिरात करणारी दुसरी रेल्वे कंपनी आमच्या पाहण्यात नाही. पुढच्या वर्षी विरहाला पुनर्भेटीची जोड मिळाली, आणि त्या भेटीसाठी नाताळची पूर्वसंध्या निवडण्यात आली.

१९८८ ची जाहिरात अशी: फलाटावर एक मुलगी वाट पाहत उभी आहे. गाडी येते. उतारू उतरतात, पांगतात, फलाट रिता होत जातो. ज्याच्यासाठी ती आली तो त्यांत नाही. तिचा चेहरा उतरतो. इतक्यात खांबाआडून तो भेटवस्तू पुढे धरून प्रकटतो, आणि ती रडू आणि हसू यांच्या मधल्या एका क्षणात सापडते. येणारा माणूस हीच सर्वांत मोठी भेट, अशा आशयाचे एक वाक्य पडद्यावर उमटते. बस. तिकिटाचा दर नाही, गाडीचे गुणगान नाही. ही भूमिका करणारी एरी फुकात्सु पुढे जपानी चित्रपटांतील मान्यवर अभिनेत्री झाली. त्या वेळी ती अवघी पंधरा वर्षांची होती. प्रौढांच्या प्रेमाची गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर रंगवणे आम्हांस खटकते. तरीही तो चेहरा उतरण्याचा क्षण इतका खरा आहे, की पाहणारा तिथे क्षणभर निरुत्तर होतो.

या जाहिरातीचा काळही ध्यानात घ्यावा. १९८८ च्या सप्टेंबरपासून सम्राट हिरोहितो मृत्युशय्येवर होते आणि जपानभर उत्सवांना आवर घालण्याची लाट आली होती. जत्रा रद्द झाल्या, आनंदाचे जाहीर प्रदर्शन लोक टाळू लागले. एका मोटारीच्या जाहिरातीत गायक खिडकीतून ‘मंडळी, बरे आहात ना?’ असे विचारतो. तो आवाजच त्या दिवसांत काढून टाकण्यात आला, आणि मूकपणे हलणारे ओठ तेवढे उरले. अशा हिवाळ्यात ही रेल्वेची जाहिरात आली. तीत गडबड नाही, नाचगाणे नाही, केवळ वाट पाहणे आहे. तिच्या संयमाचे श्रेय सगळे तिच्या कर्त्यांना द्यावे की काही वाटा त्या हिवाळ्यालाही द्यावा, हे ठरवणे कठीण आहे.

१९८९ ची जाहिरात सर्वांत गाजली, आणि आमच्या मतेही तीच सर्वांत चांगली. नागोया स्थानकावर रिहो माकिसे ही तरुणी भेटवस्तू छातीशी धरून गर्दीतून धावते आहे. तिला उशीर झाला आहे. वाटेत कुणाला धक्का लागतो. ती क्षमा मागते आणि पुन्हा धावते. तो तिकीटद्वाराकडे येताना तिला दिसतो. आता तिने हाक मारावी, पुढे व्हावे. पण ती चटकन खांबाआड लपते आणि श्वास आवरीत उभी राहते. आदल्या वर्षी खांबाआड तो होता, या वर्षी ती आहे. पहिल्या जाहिरातीत लपणे ही गंमत होती. इथे त्या लपण्याला खोली आली आहे. ज्याची इतकी वाट पाहिली तो चार पावलांवर आला असताना माणूस आणखी एक क्षण मागून घेतो, हे निरीक्षण कवीचे आहे. अभिनयात कुठेही अतिरेक नाही. धापा टाकणारी छाती, मिटणारे डोळे, गालांवरची थंडी, एवढ्यावर सारे उभे आहे.

पुढच्या तीन वर्षांच्या जाहिरातींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चेहरे बदलले, साचा तोच राहिला. पडद्यावरची वाक्ये मात्र पाहण्यासारखी आहेत. पहिल्या वर्षी ‘भेट’ होती. १९९० साली काही झाले तरी भेटलेच पाहिजे अशा रात्रीची गोष्ट निघाली. १९९२ साली हुकलेला काळ भरून काढण्याची आर्जवे सुरू झाली. आनंदाकडून निकडीकडे असा हा उतार आहे. बाहेर देशाची आर्थिक भरभराट ओसरत होती, आणि जाहिरातीच्या स्वरातही ती ओसरण कुठेतरी शिरली असावी असे आम्हांस वाटते.

पाचही जाहिरातींना एकच गाणे आहे, आणि या साऱ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट तेच आहे. तात्सुरो यामाशिता यांचे ‘ख्रिसमस इव्ह’ हे गीत १९८३ सालचे, म्हणजे जाहिरातीच्या पाच वर्षे आधीचे. जाहिरातीमुळे ते इतके लोकप्रिय झाले, की डिसेंबर १९८९ मध्ये त्याने विक्रीच्या साप्ताहिक यादीत पहिला क्रमांक गाठला. त्याच्या मध्यभागी पाखेलबेलच्या ‘कॅनन’चे सूर एकाच कंठाच्या अनेक थरांतून उमटतात, आणि क्षणभर एखाद्या मंदिरातील गायकवृंदाचा भास होतो. परंतु हे गीत सांगते काय? त्यातला माणूस नाताळच्या आदल्या रात्री एकटा आहे. ज्या व्यक्तीची तो वाट पाहतो ती येणार नाही, हे तो जाणून आहे. चित्रात सारे येतात, गाण्यात कुणी येत नाही.

जाहिरातकर्त्यांनी हे जाणूनबुजून केले की सुरावट गोड म्हणून गाणे उचलले, याची चर्चा व्यर्थ आहे. परिणाम समोर आहे. डोळे सांगतात ‘आला’, कान सांगतात ‘येणार नाही’. या दोन विधानांच्या मध्ये पाहणारा उभा राहतो, आणि ती जागा त्याला ओळखीची वाटते, कारण आयुष्यातली खरी प्रतीक्षा नेहमी तिथेच घडते. गाडी निश्चित येणार हे माहीत असताना फलाटावर उभे राहणे म्हणजे निव्वळ वेळ काढणे. न येण्याची शक्यता जिथे धरून चालावे लागते तिथेच प्रतीक्षा म्हणता येईल असे काही सुरू होते. या जाहिरातींतले गाणे काढून तिथे एखादे आनंदी नाताळगीत बसवून पाहावे. त्या दुसऱ्याच दिवशी विसरल्या गेल्या असत्या.

आमच्या उपासना-वर्षात आगमनकाळ येतो तो याच अनुभवासाठी. चार रविवार आपण वाट पाहतो. सतरा डिसेंबरपर्यंतच्या वाचनांचा रोख तर बेथलेहेमपेक्षा प्रभूच्या पुनरागमनाकडे अधिक असतो. पण प्रत्यक्षात आपल्या आगमनकाळात वाट पाहण्याला किती जागा उरली आहे? करंज्या, नवे कपडे, तारे, गव्हाणींच्या स्पर्धा, नाटकाच्या तालमी. बाळ येणार हे आपल्याला इतके पक्के ठाऊक असते, की तो न आल्यास आपले काय होईल हा प्रश्नच मनाला शिवत नाही. ज्यांना ख्रिस्त ठाऊक नाही अशा जाहिरातकर्त्यांनी नाताळच्या सणातून नेमके वाट पाहणे तेवढे उचलले, आणि आपण ते करंज्यांच्या घाईत कुठेतरी ठेवून विसरलो, हे मान्य करायला आम्हांस जड जाते. पण मान्य करायला हवे.

असे असले तरी या जाहिरातींना आम्ही मुक्तहस्ते प्रशस्तिपत्र देणार नाही. त्यांच्या प्रतीक्षेला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती कलेपुरती नाही. या पाचही जाहिरातींत वाट पाहणारी व्यक्ती तरुण, सुंदर स्त्री आहे. म्हातारे कुणाची वाट पाहत नाहीत. आई मुलाला घ्यायला आलेली नाही. त्या काळी हजारो जपानी नोकरदार बदलीमुळे बायकामुलांना गावी ठेवून परमुलखात एकटे राहत. सुटीच्या गाड्यांतून तेही घरी येत असणार, पण कॅमेरा त्यांच्याकडे वळत नाही. याचे एक कारण जपानी चालीरीतींत आहे: कुटुंबाने एकत्र येण्याचा सण तिथे नववर्षाचा, आणि नाताळची पूर्वसंध्या ऐंशीच्या दशकात प्रेमी जोडप्यांची रात्र ठरली होती. दुसरे कारण मात्र अधिक कठोर आहे. त्याच दशकात पंचविशी उलटलेल्या अविवाहित तरुणीला जपानमध्ये ‘ख्रिसमस केक’ म्हणून हिणवीत. स्ट्रॉबेरी आणि मलईचा तो केक पंचवीस तारखेनंतर कुणी विकत घेत नाही, म्हणून. फलाटावर उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यांतील पाण्यामागे हा हिशेबही आहे. तिच्या प्रतीक्षेला मुदत घालून दिलेली आहे. जाहिरात ही मुदत दाखवत नाही, पण तिच्यावरच जगते.

या ठिकाणी लूकच्या शुभवर्तमानातील मंदिराचा प्रसंग आम्हांस आठवल्यावाचून राहत नाही. तिथे वाट पाहणारी दोन माणसे आहेत, शिमोन आणि हन्ना. हन्ना तर चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. जगाच्या लेखी तिची मुदत केव्हाच संपली होती. शुभवर्तमानकाराने बाळ पाहण्याचे भाग्य तिला दिले आहे, आणि असे करून प्रतीक्षेचा वयाशी असलेला संबंध तोडून टाकला आहे. जपानी जाहिरातीतला फलाट या बाबतीत फार अरुंद आहे. त्यावर हन्नाला उभे राहायला जागा नाही.

आणि हे ज्या देशात घडले त्या देशाच्या इतिहासात जी प्रतीक्षा होऊन गेली, ती पाहिली म्हणजे हा अरुंदपणा अधिकच जाणवतो. जपानमध्ये नाताळ अमेरिकेकडून, दुकानदारांच्या मार्फत आला असे सरसकट सांगितले जाते. आज दिसणाऱ्या सणापुरते ते खरे आहे. १९७४ पासून तळलेल्या कोंबडीच्या एका अमेरिकी दुकानसाखळीने नाताळचे जेवणदेखील आपल्या नावावर करून टाकले. परंतु त्याच्या कितीतरी आधी जपानमध्ये एक नाताळ होता. संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९ साली कागोशिमाला उतरले, आणि १५५२ च्या डिसेंबरात यामागुची येथे जपानमधील नाताळची पहिली ज्ञात मिस्सा झाली. पुढे छळ सुरू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले, त्यांत वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया होते. ऐन हिवाळ्यात त्यांतल्या बहुतेकांना क्योटोकडून नागासाकीपर्यंत शेकडो किलोमीटर चालवत नेले होते. आज ओसाकाच्या पुढे पश्चिमेकडे जाणारी शिनकानसेन बऱ्याच अंशी त्याच दिशेने धावते.

१६१४ च्या बंदीनंतर धर्मगुरू उरले नाहीत, मिस्सा उरली नाही. उरलेल्या श्रद्धावंतांनी बाप्तिस्मा, प्रार्थना आणि पंचांग एवढे तोंडी जपले. सात पिढ्यांनी धर्मगुरू परत येतील, असे एक भाकीत त्यांच्यात चालत आले होते. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा मंदिरात उराकामीची काही माणसे आली आणि फादर पेतीजाँ यांच्याजवळ जाऊन त्यांनी आपली ओळख हळूच सांगितली. पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे, हा त्यांचा पहिल्याच प्रश्नांपैकी एक होता. मूर्तीच्या हातांतले बाळ पाहून ती नाताळविषयी बोलू लागली: हिममासाच्या पंचविसाव्या दिवशी आम्ही या बाळाचा सण करतो. पंचांग जुने, महिना चांद्र, पण तारीख पंचविसावी, आणि अडीचशे वर्षे टिकवलेली. ही वाट पाहणारी माणसे वाट पाहता पाहता मेली होती, आणि आपली प्रतीक्षा मुलांच्या हाती देऊन गेली होती.

जपानमधले हे दोन नाताळ एकमेकांना कधी भेटलेले दिसत नाहीत. एक हिममासातला, लपवलेला. दुसरा रोषणाईतला, विकलेला. साहित्यात आणि बाजारात ये-जा करणारी माणसे तिथेही आहेतच. छळाच्या काळावरील ‘मौन’ ही थोर कादंबरी १९६६ साली लिहिणारे कॅथलिक लेखक शुसाकू एन्दो सत्तरच्या दशकात झटपट कॉफीच्या जाहिरातीत झळकले होते, हे वाचून आम्हांस हसू आले, आणि मग थोडा हेवाही वाटला. आमच्या भाषेतील एखाद्या ख्रिस्ती लेखकाच्या चेहऱ्यावर कॉफी विकली जाईल अशी कल्पना तरी करता येते का? असो.

आज या जाहिरातींकडे पाहताना जपानी माणसाला नेमके काय हरवल्यासारखे वाटते? पैसा, हे एक उत्तर आहे. १९८९ च्या नाताळनंतर चौथ्याच दिवशी, २९ डिसेंबरला, टोकियोच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला आणि नंतर कोसळू लागला. ती उंची पुन्हा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ हा दिवस उजाडावा लागला. रिहो माकिसे धावते आहे ती त्या शिखराच्या अगदी कडेवरून, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही. दुसरे उत्तर टेलिफोनचे. त्या वेळी खिशात फोन नव्हता. स्थानकांवर निरोपाचे फळे असत. त्यांवर खडूने ‘अमुक वाजेपर्यंत थांबलो, गेलो’ असे लिहून माणसे जात, आणि काही तासांनी तो मजकूर पुसला जाई. आज गाडी सुटल्यापासून पोहोचेपर्यंत दर पाच मिनिटांना ठावठिकाणा कळतो. खांबाआड लपून काही साधत नाही. नागोया स्थानकाची १९३७ सालची ती इमारतही १९९३ मध्ये पाडण्यात आली. तिच्या जागी आता उंच जुळे मनोरे आहेत.

ही दोन्ही उत्तरे आम्हांस पटतात, पण पुरी पडत नाहीत. पैशाची आठवण हळवी करत नाही, ती कडवट करते. आणि जुन्या टेलिफोनसाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. आपल्यासाठी कुणी धावत येईल, किंवा आपण कुणासाठी तसे धावू शकू, ही खात्री त्या पिढीला तेव्हा होती, की केवळ जाहिरातीत होती? जपानमध्ये आज एकट्याने राहणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे, आणि त्यांतले कितीतरी जण त्या काळी विशी-पंचविशीत होते. त्यांना ही जाहिरात आठवते तेव्हा चित्र आठवते की गाणे? आमचा कौल गाण्याकडे आहे. दर डिसेंबरात ते तिथे पुन्हा वाजते, आणि त्यातला माणूस अजून एकटाच आहे.

१९९२ नंतर कंपनीने हा विषय सोडला. २००० साली, शतक सरताना, एकदाच त्याची पुनरावृत्ती केली. मध्यंतरी १९९३ पासून तिने क्योटोची प्राचीन मंदिरे दाखवणारी नवी मालिका सुरू केली होती, आणि ती दीर्घकाळ चालली. बहरलेली चेरी, लाल मेपल, बौद्ध मंदिरांची शांत अंगणे. चित्रीकरण अप्रतिम आहे. तरीही आम्हांस त्या जाहिराती कोरड्या वाटतात, कारण तिथे कुणी कुणाची वाट पाहत नाही. मंदिर केव्हाही गेले तरी तिथेच असते.

म्हणून आम्ही पुन्हा १९८९ च्या त्या एका मिनिटाकडे वळतो. कुठलीही ख्रिस्ती खूण त्यात नाही. तारा नाही, गव्हाणी नाही, घंटा नाही. स्थानकाचा एक जाड खांब आहे. त्याच्या एका बाजूने तो चालत येतो आहे, दुसऱ्या बाजूला ती डोळे मिटून उभी आहे, आणि गाणारा सांगतो आहे की आज रात्री कुणी येणार नाही. भेट जाहिरातीत दाखवलेली नाही.